एक फ्रिक्वेन्सी, अनेक धनी

जीसॅट-११ हा उपग्रह विषुववृत्ताच्या माथ्यावर, ७४ अंश पूर्व रेखांशावर ठाण मांडून आहे. म्हणजे साधारण कोल्हापूरच्याच रेषेत. तिथल्या गच्चीवरून त्याच्याकडे रोखलेली डिश जवळजवळ थेट दक्षिणेला तोंड करून, क्षितिजापासून ७० अंश मान वर काढून बसेल.

५,८५४ किलोंचं हे धूड ५ डिसेंबर २०१८ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन-५ रॉकेटने उडालं. त्याआधी ते एकदा तिथवर जाऊन माघारी आलं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये सोडलेल्या जीसॅट-६ए उपग्रहाशी संपर्क तुटला, तेव्हा इस्रोने हे पुन्हा तपासून घेतलं. बरंच केलं.

पण वजनाचं कौतुक किती करायचं? खरी करामत सिग्नलच्या झोतांची आहे. देशभर एकच रुंद झोत टाकला, की काश्मीरसाठी गुंतलेली फ्रिक्वेन्सी केरळला मिळत नाही. टीव्हीला ते चालतं, कारण सगळे तेच पाहतात; इंटरनेटवर प्रत्येकाचं मागणं निराळं. म्हणून जीसॅट-११ केयू-बँड या फ्रिक्वेन्सी-पट्ट्यात ३२ अरुंद झोत टाकतो. अशा रचनेत सहसा उपलब्ध पट्ट्याचे दोन भाग करतात, प्रत्येक भाग दोन ध्रुवणांत (लहरींच्या कंपनाच्या दोन दिशांत) वापरतात आणि शाळेच्या नकाशातल्या राज्यांसारखे हे चार ‘रंग’ झोतांना असे वाटतात, की एकच रंग शेजारी-शेजारी येत नाही. मधला शेजारी ओलांडला, की तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा हजर. या उपग्रहाची क्षमता सेकंदाला १६ गिगाबिट सांगतात. मात्र ती साऱ्या ग्राहकांत मिळून.

फुकट काहीच नाही. अँटेनाचा झोत कात्रीने कापल्यासारखा संपत नाही, त्यामुळे समान रंगाच्या दूरच्या झोताची कुजबुज ऐकू येतेच. त्यात पाऊस सिग्नल क्षीण करतो. म्हणून डीव्हीबी-एस२ या उपग्रह-प्रसारणाच्या पद्धतीत डिश आपला सिग्नल कसा आहे ते कळवत राहते. आभाळ भरलं की प्रत्येक हर्ट्झमागे अर्धा बिटच पाठवायचा, स्वच्छ असलं तर चारच्या वर. जोडणी तुटण्यापेक्षा मंदावलेली परवडते.

सगळ्याच झोतांना सगळा पट्टा देऊन शेजारी झोतांचा गोंगाट आधीच गणिताने वजा करायचा, हा पुढचा बेत. कागदावर देखणा, पण ३६,००० किलोमीटरवरून डिशचा निरोप पोचेपर्यंत तो शिळा झालेला असतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अवकाशात गेलेल्या जीसॅट-एन२ उपग्रहाने झोत ३२च ठेवले, पण केए-बँड या दुसऱ्या पट्ट्यात, आणि क्षमता ४८ गिगाबिटवर नेली. त्यातले ८ अरुंद झोत एकट्या ईशान्येसाठी आहेत; उरलेला देश २४ रुंद झोतांत बसवलाय.