घर विकले म्हणून बिऱ्हाड उठते काय?

वाशीम स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. तेव्हापासून कचेऱ्या आल्या, नोकरदार आले, आणि बाजाराजवळच्या जुन्या वाड्यांकडे गिऱ्हाइकांची नजर वळली. अशा वाड्याचा सौदा ठरू लागला, की आतल्या बिऱ्हाडकरूस निरोप येतो, ‘घर दिले आहे, महिनाअखेर जागा मोकळी करा.’ आणि आमचे पापभीरू गृहस्थ वकिलास न विचारताच ट्रंका बांधू लागतात!

हा निरोप मालकाचा आहे, कायद्याचा नव्हे. विक्रीने घराचा धनी बदलतो, भाडेपट्टा मोडत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०९ व्या कलमान्वये खरेदीदार जुन्या मालकाच्या जागी उभा राहतो. विक्रीची खबर नसता भाडेकरूने जुन्या मालकास भाडे दिले असेल, तर ते त्याजकडून पुन्हा मागता येत नाही.

वऱ्हाडात पूर्वी १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा घरभाडे नियंत्रण हुकूम चाले, व नोटिशीपूर्वी मालकास भाडे नियंत्रकाची परवानगी काढावी लागे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अमलात आला आणि ती पायरी गेली. दावा आता दिवाणी न्यायालयात लावावा लागतो. हा कायदा जेथे लागू आहे, तेथे राहते घर असो वा दुकानाचा गाळा, कायद्यात दिलेल्या कारणांवाचून जागा खाली करविता येत नाही. आणि ‘मला विकावयाचे आहे’ हे कारण त्यांत नाही. नव्या धन्यास स्वतःकरिता जागेची खरी गरज असल्यास तो दावा लावू शकतो. पण अधिक हाल कोणाचे होतील, हेही न्यायालय पाहते. नळ वा वीज तोडून बिऱ्हाड हुसकावणे तर साफ बेकायदा होय.

मालकांचे गाऱ्हाणे खोटे आहे, असे आम्ही म्हणत नाही. भाडेकरूसहित घरास मोल कमी येते, आणि कायद्याने वर्षास मिळणारी चार टक्के वाढ महागाईपुढे काय पुरणार? उलट, घर प्रथम आपणासच विकले पाहिजे, असा हक्क भाडेकरूसही नाही. तेव्हा विकण्यापूर्वी त्यास एकवार विचारणे, हा मार्ग दोघांच्याही हिताचा आहे.

मात्र अकरा महिन्यांचा ‘परवाना करार’ करून राहणाऱ्यांनी वरील संरक्षणावर विसंबू नये. तो भाडेकरू नव्हेच. मुदत संपताच त्यास निघावे लागते, न निघाल्यास दुप्पट रक्कम भरावी लागते. सही करण्यापूर्वी कागदाचे नाव वाचावे, हे व्यापाऱ्यांच्या गावात सांगण्याची वेळ यावी, याचे आम्हांस नवल वाटते.

जुन्या बिऱ्हाडकरूंजवळ बहुधा कागदच नसतो. त्यांनी दरमहाची पावती मागून घ्यावी; ती देणे मालकावर बंधनकारक आहे. भाडे घेण्याचे नाकारल्यास मनीऑर्डर करावी व तिची पोच जपावी. करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी ५५ व्या कलमाने मालकावरच टाकली आहे. तसा करार नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाड्याच्या अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते.