दमट हवा आणि थंड खोली

वैशाखात नागपूरकडील घरांच्या दारांखिडक्यांना वाळ्याचे पडदे लावावयाचे आणि त्यांवर वरचेवर पाणी शिंपडावयाचे, ही जुनी रीत. बाहेरची झळ त्या ओल्या पडद्यातून आत येताना निवत असे आणि खोलीत गारव्याबरोबर सुगंधही दरवळत असे. तोच पडदा कोणी गिरगावातील खोलीत लावला, तर ती अधिकच कोंदट व्हावयाची. नागपूरची उन्हाळी हवा कोरडी, तहानलेली असते. ती पाणी पिते आणि त्यासाठी लागणारी उष्णता स्वतःच्या अंगातूनच खर्च करते. मुंबई, कोची, चेन्नई किंवा कोलकाता येथील हवेचे पोट आधीच भरलेले. तिच्यात माणसाचा घामसुद्धा वाळत नाही. तेथे पडद्याची काय कथा?

वातानुकूलन यंत्राचा जन्मही या ओलाव्यापायीच झाला. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात उन्हाळ्यात कागद फुगे आणि एकावर एक छापावयाचे रंग नेमक्या जागी बसत नसत. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने थंडगार नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातील पाणी काढून घेण्याची योजना आखली. त्या वेळी विचार झाला तो कागदाच्या सुखाचा. माणसाची पाळी पुढे आली.

समुद्रकाठच्या घरातील यंत्राला आजही हेच दुहेरी काम करावे लागते. हवा थंड करावयाची आणि तिच्यातले पाणीही पिळून काढावयाचे. यातले दुसरे काम वाटते तितके हलके नाही. हवेतील बाष्पापासून एक लिटर पाणी मिळवताना जेवढी उष्णता बाहेर टाकावी लागते, तेवढीत बर्फासारखे गार असलेले पाच लिटर पाणी सहज उकळीला येईल. म्हणूनच, खोली लहान असताना मोठे यंत्र घेणारा गृहस्थ फसतो. ते यंत्र पाचदहा मिनिटांत हवा गार करून थांबते, पाणी मात्र हवेतच राहते आणि खोलीला थंड तळघराची कळा येते. यंत्राच्या शक्तीचे माप ‘टन’ हे आहे, आणि ते बर्फाच्या दिवसांतले आहे. अमेरिकी मापाचा एक टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी ओढण्याची शक्ती म्हणजे एक टन.

या पाण्यातूनच बहुतेक तक्रारी उद्भवतात. जाळीवर धूळ साचली की वारा अडतो, आतली कॉईल अतिथंड होऊन तिच्यावर बर्फ धरतो, आणि यंत्र बंद केल्यावर तो वितळून भिंतीवर ओघळ येतात. पाणी वाहून नेणाऱ्या नळीत बुळबुळीत शेवाळासारखा थर वाढून ती तुंबते, तेव्हाही हेच घडते. जाळी पंधरवड्यास धुणे हे घरच्या माणसाचे काम. वर्षातून एकदा कॉईल आणि नळी साफ करणे हे कारागिराचे. समुद्राजवळच्या घरांत बाहेरच्या भागावर खारे वारे मिठाचा थर चढवतात. तो गोड्या पाण्याने अधूनमधून धुतला नाही, तर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या पांढऱ्या पडून हाताला चुरा लागतो.

परंतु गृहस्थाचा खिसा खरा रिकामा होतो तो ‘गॅस संपला’ या दोन शब्दांनी. दर चैत्रात कारागीर येतो, हे वाक्य उच्चारतो, सिलिंडर जोडतो आणि पैसे घेऊन जातो. पुढल्या चैत्रात तोच प्रयोग पुन्हा होतो. हा गॅस मोटारीतल्या पेट्रोलसारखा जळून जात नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो आणि यंत्राच्या आयुष्यभर पुरावा अशी योजना असते. तो कमी झाला याचा अर्थ कोठेतरी भोक पडले आहे. कधी सांधा सैल असतो. कधी रंग, प्लायवूड आणि सरस यांतून निघणारी आम्ले ओलाव्याशी मिळून तांब्याच्या नळीत मुंग्यांच्या वारुळासारखी सूक्ष्म भुयारे कोरतात. सांडपाण्याच्या नाल्यालगत राहणाऱ्यांच्या यंत्राचे तांबे तेथील दुर्गंधीयुक्त वायूने काळे पडून झिजते. तेव्हा नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरून, साबणाचे पाणी लावून बुडबुडा शोधावा, भोक बुजवावे, पंपाने आतली हवा आणि ओल पूर्णपणे खेचून काढावी, आणि मगच ठरलेल्या वजनाचा गॅस तोलून भरावा. या कामाला अर्धा दिवस जातो. जो दहा मिनिटांत आटोपतो त्याने दुरुस्ती केलेली नसते. निसटलेला गॅस नाहीसाही होत नाही. जुन्या यंत्रांतील आर-२२ ओझोनच्या थराला इजा करतो, आणि वजनास वजन धरले तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट उष्णता पृथ्वीभोवती कोंडतो. १९८७ च्या माँट्रियल करारान्वये तो क्रमाक्रमाने हद्दपार होत आहे.

यंत्र बदलावे केव्हा? आतली कॉईल बुजवूनही पुन्हा पुन्हा गळू लागली, किंवा बऱ्याच जुन्या यंत्राचा कॉम्प्रेसरच जळाला, तर डागडुजीचा पैसा वाया जातो. यंत्र नुसते सुरू होत नसेल, तर मात्र घाई नको. दोष पुष्कळदा एका स्वस्त कपॅसिटरचा असतो. आर-२२ च्या यंत्रात आर-३२ भरून देण्याची तयारी कोणी दाखविली, तर त्यास दारातूनच परत पाठवावे. नव्या गॅसचा दाब जुन्याच्या दीडपटीहून अधिक, आणि तो थोडाफार पेटणाराही आहे.

राहता राहिला तो कारागीर. मुंबईच्या उंच इमारतींत यंत्राचा बाहेरचा भाग खिडकीखालच्या लोखंडी चौकटीवर बसवितात, आणि तो उघडण्यासाठी पोरसवदा कारागीर वीतभर छज्जावर पाय ठेवून, एका हाताने गज धरून उभा राहतो. पावसाळ्यात त्या छज्जावर निसरडे असते. पट्टा आणि दोर आणला आहे की नाही, हे विचारण्यास घरमालकाला क्षणभर पुरे. आणला नसेल तर दुरुस्ती दुसऱ्या दिवसावर ढकलावी. एक रात्र पंख्याखाली काढता येते.