सर्वाधिक गोल, तरीही तळाला!

एक कोडे सोडवा पाहू. फुटबॉलच्या एका स्पर्धेत बावीस संघ आहेत. त्यांतला एक संघ आदल्या वर्षीचा विजेता आहे. या वर्षी त्याने बावीस संघांत सर्वांत जास्त गोल केले आहेत. त्याच्यावर झालेल्या गोलांपेक्षा त्याने केलेले गोल जास्तच आहेत. तर हा संघ कितवा आला असेल?

पहिला? तिसरा? निदान पाचवा तरी? नाही. तो एकविसावा आला आणि खालच्या विभागात ढकलला गेला! हे काल्पनिक उदाहरण नाही. इंग्लंडमधील मँचेस्टर सिटी या क्लबच्या बाबतीत १९३७-३८ च्या हंगामात हे प्रत्यक्ष घडले. इंग्लंडच्या सर्वोच्च विभागातील विजेता संघ लगेच पुढच्या हंगामात खाली गेल्याचे हे एकमेव उदाहरण आहे.

असे कसे झाले? या क्लबची हंगामवार नोंद हे गणिताचे एक सुरेख पुस्तकच आहे. त्याची तीन पाने आपण उलटून पाहू. या आकड्यांतून केवळ फुटबॉलच नव्हे, तर कोणताही निकाल कसा वाचावा हे आपल्याला शिकता येईल.

पान पहिले : दोन अपूर्णांकांची शर्यत

१९२६-२७ च्या हंगामात मँचेस्टर सिटी दुसऱ्या विभागात होता. पहिल्या दोन क्रमांकांच्या संघांना वरच्या विभागात बढती मिळणार होती. त्या काळी सामना जिंकल्यास २ गुण, बरोबरी झाल्यास १ आणि हरल्यास ० असा नियम होता. मिडल्सबरोने पहिला क्रमांक पटकावला. दुसऱ्या जागेसाठी मात्र सिटी आणि पोर्ट्समथ या दोघांचेही बरोबर ५४ गुण झाले. आता काय करायचे?

नियम असा होता की, केलेल्या गोलांना झालेल्या गोलांनी भागावे आणि ज्याचा भागाकार मोठा तो संघ वरचा. याला 'गोल-सरासरी' म्हणत. सिटीने शेवटचा सामना ८-० असा जिंकला होता. त्याचे एकूण गोल होते १०८ आणि त्याच्यावर झालेले ६१. पोर्ट्समथचे गोल ८७ आणि त्याच्यावर झालेले ४९. कागद घ्या आणि भागाकार करा.

सिटी : १०८ ÷ ६१ = १.७७०
पोर्ट्समथ : ८७ ÷ ४९ = १.७७६

तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत जावे तेव्हा कोठे फरक नीट दिसतो! सिटीने आणखी एकच गोल केला असता, तर १०९ ÷ ६१ म्हणजे १.७८७ झाले असते आणि बढती सिटीला मिळाली असती. आठ गोल करूनही नववा कमी पडला. सिटीला आणखी एक वर्ष थांबावे लागले. १९२७-२८ मध्ये दुसऱ्या विभागात पहिला येऊन तो वर गेला.

आता भागाकाराऐवजी वजाबाकी करून पाहा. सिटीचा फरक १०८ - ६१ = ४७, तर पोर्ट्समथचा ८७ - ४९ = ३८. वजाबाकीच्या नियमाने सिटी सहज पुढे! खेळ तोच, गोल तेच, पण नियम बदलला की निकाल उलटा. भागाकारात छेदाला फार महत्त्व येते. सिटीने एक जादा गोल केला असता तर त्याची सरासरी सुमारे ०.०१६ ने वाढली असती. पण एक गोल कमी खाल्ला असता तर १०८ ÷ ६० = १.८००, म्हणजे जवळजवळ ०.०३० ने वाढ! म्हणून ही पद्धत बचावाला झुकते माप देई. इंग्लंडमध्ये १९७६-७७ च्या हंगामापासून गोल-सरासरी सोडून गोल-फरकाची पद्धत आली. पहिल्या पानाचा धडा असा : आकडा वाचण्यापूर्वी तो कोणत्या नियमाने काढला आहे हे विचारावे.

पान दुसरे : बावीस संघ आणि एक नाणे

आता मूळ कोड्याकडे वळू. १९३६-३७ मध्ये सिटीने पहिल्या विभागाचे विजेतेपद मिळवले. ४२ सामन्यांत ५७ गुण, १०७ गोल केले, ६१ खाल्ले. नाताळानंतर तो संघ लीगमधील एकही सामना हरला नाही. एकट्या पीटर डोहर्टीने लीगमध्ये ३० गोल केले. पुढच्या हंगामात मात्र १४ विजय, ८ बरोबरी आणि २० पराभव. गुण ३६. गोल ८० केले, ७७ खाल्ले. हे ८० गोल त्या हंगामात सर्वाधिक होते. स्वतः विजेत्या आर्सेनलचेही ७७ च झाले होते!

१९३७-३८ चा संपूर्ण गुणतक्ता पाहा : आर्सेनल ५२, वुल्व्ज ५१, प्रेस्टन ४९, चार्लटन व मिडल्सबरो प्रत्येकी ४६, ब्रेंटफर्ड व बोल्टन ४५, संडरलंड ४४, लीड्स ४३, चेल्सी व लिव्हरपूल ४१, ब्लॅकपूल व डर्बी ४०, एव्हर्टन, हडर्सफील्ड व लेस्टर ३९, स्टोक, बर्मिंगहॅम, पोर्ट्समथ व ग्रिम्झबी ३८, आणि तळाला मँचेस्टर सिटी व वेस्ट ब्रॉमविच अल्बियन ३६.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? पहिल्या आणि शेवटच्या संघांत अवघे १६ गुणांचे अंतर आहे. सिटीला आणखी तीनच गुण मिळाले असते, तर चौदाव्या संघाइतके गुण झाले असते. सगळे संघ जणू एकाच पायरीवर दाटीवाटीने उभे होते.

मग मनात प्रश्न येतो : या क्रमवारीत गुणवत्ता किती आणि योगायोग किती? हे तपासायला एक प्रयोग आहे, आणि तो तुम्ही वर्गात करू शकता.

बावीस विद्यार्थी निवडा. प्रत्येकाला एका संघाचे नाव द्या. प्रत्येकाने दोन नाणी एकदम उडवायची, अशी ४२ वेळा. दोन्ही छापे पडले तर विजय, २ गुण. एक छापा, एक काटा पडला तर बरोबरी, १ गुण. दोन्ही काटे पडले तर पराभव, ० गुण. म्हणजे ८४ नाणेफेकींत जितके छापे पडतील तितके त्या 'संघाचे' गुण! आता गुणतक्ता फळ्यावर उतरत्या क्रमाने लिहा.

काय दिसेल? सरासरी ४२ च्या जवळ येईल. खऱ्या तक्त्यातही सरासरी ४२ च आहे. प्रत्येक सामन्यात दोन गुण वाटले जातात, एकूण सामने ४६२, म्हणून गुण ९२४, आणि ९२४ ÷ २२ = ४२. पण कोणीही सगळे ४२ वर थांबणार नाहीत. कोणाचे ५० होतील, कोणाचे ३५. हा पसारा किती असावा, याचा एक साधा नियम गणितज्ञांनी शोधून काढला आहे. जितक्या वेळा नाणे उडवले त्या संख्येचे वर्गमूळ काढा आणि त्याचे निम्मे करा. ८४ चे वर्गमूळ सुमारे ९.१७, त्याचे निम्मे ४.५८. याला 'प्रमाण विचलन' म्हणतात. आपण त्याला 'एक पाऊल' म्हणू. सुमारे दोन तृतीयांश निकाल सरासरीपासून एका पावलाच्या आत पडतात आणि शेकडा ९५ निकाल दोन पावलांच्या आत.

आता खऱ्या तक्त्याशी ताडून पाहा. ४२ पासून एका पावलाच्या आत म्हणजे ३८ ते ४६ गुण. असे किती संघ आहेत? सतरा. नाण्याच्या नियमाने पंधरा असायला हवेत. दोन पावलांच्या आत म्हणजे ३३ ते ५१. असे एकवीस संघ आहेत, आणि नियमही एकवीसच सांगतो. खऱ्या तक्त्याचे प्रमाण विचलन काढले तर ४.५६ येते. नाण्याचे ४.५८! आहे की नाही गंमत?

नाण्याच्या खेळात ३६ किंवा त्याहून कमी छापे पडण्याची शक्यता सुमारे नऊ वेळांत एकदा असते. बावीस जणांनी खेळ केला तर दोघे-तिघे तरी तेवढे खाली जाणारच. प्रत्यक्षात दोन संघ गेले.

येथे सावध राहिले पाहिजे. नाणी म्हणजे फुटबॉल नव्हे. आपल्या खेळात निम्मे सामने बरोबरीत सुटतात. सिटीच्या ४२ सामन्यांत बरोबरी फक्त ८ होत्या. बरोबरी कमी केल्या तर नाण्यांचा पसारा उलट आणखी वाढतो. शिवाय खऱ्या सामन्यात एकाचा लाभ तो दुसऱ्याचा तोटा असतो. तेव्हा 'खेळाडूंच्या कौशल्याला किंमत नव्हती' असा अर्थ काढू नका. अर्थ एवढाच की, त्या वर्षी बावीस संघ जवळजवळ सारख्याच तोडीचे होते. तोडीच्या स्पर्धकांत योगायोगाचा वाटा मोठा होतो. धावण्याच्या शर्यतीत सगळेच सारख्या वेगाचे असतील, तर कोणाच्या पायाखाली खडा आला यावर नंबर ठरतो.

शिखरावरून खाली

पण ५७ वरून ३६ ही घसरण केवळ योगायोगाची मानता येईल का? ५७ म्हणजे सरासरीच्या तीन पावलांहून अधिक वर. एवढे अंतर नुसत्या नाण्याने सहसा पडत नाही. त्या वर्षी सिटीची गुणवत्ता खरीच होती, आणि जोडीला दैवाची साथही असणार. जो पहिला येतो त्याच्या बाबतीत बहुधा दोन्ही गोष्टी जुळून आलेल्या असतात. पुढच्या वर्षी गुणवत्ता राहिली तरी दैवाची साथ पुन्हा तेवढीच मिळेल असे नाही. म्हणून शिखरावरचा संघ बहुधा सरासरीच्या दिशेने सरकतो. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये हेच उंचीच्या बाबतीत दाखवले होते. फार उंच आई-वडिलांची मुले उंच असतात, पण सरासरीने पाहता आई-वडिलांइतकी नाही.

सिटीची घसरण गोलांच्या मदतीने दोन भागांत तोडता येते. १०७-६१ हा विजेत्याला शोभणारा आकडा होता. ८०-७७ हा मात्र मध्यम संघाचा आकडा आहे. अशा संघाला ढोबळमानाने ४३ गुण मिळावेत. म्हणजे ५७ वरून ४३ पर्यंतची घसरण खेळातच दिसते : गोल २७ ने घटले आणि खाल्लेले १६ ने वाढले. उरलेले ७ गुण गेले ते गोलांच्या वाटणीमुळे. सात गोलांनी जिंकलात तरी गुण दोनच, आणि एका गोलाने हरलात तरी गुण शून्य. सिटीने गोल केले, पण ते हवे त्या सामन्यांत पडले नाहीत. शेवटच्या दिवशीही हडर्सफील्डकडून तो ०-१ असा हरला.

विशेष म्हणजे क्लबने व्यवस्थापक विल्फ वाइल्ड यांना काढून टाकले नाही. १९३२ पासून त्या पदावर असलेले वाइल्ड १९४६ पर्यंत तेथेच राहिले.

पान तिसरे : नाणे हरते

आता ऐंशी वर्षे पुढे जाऊ. २०१७-१८ मध्ये वीस संघ, प्रत्येकी ३८ सामने. १९८१ पासून विजयाला ३ गुण मिळू लागले होते. त्या हंगामात मँचेस्टर सिटीने ३२ सामने जिंकले, ४ बरोबरीत सोडवले आणि फक्त २ हरला. गुण बरोबर १००. तळाला कोण होते माहीत आहे? वेस्ट ब्रॉमविच अल्बियन! ६ विजय, १३ बरोबरी, १९ पराभव. १९३८ मध्ये ज्यांचे गुण सारखे होते तेच हे दोन संघ.

तुलनेसाठी जुन्या पद्धतीने गुण मोजू. सिटी ६८, अल्बियन २५. आता ७६ नाणी, सरासरी ३८, पाऊल सुमारे ४.४. सिटी सरासरीच्या जवळजवळ सात पावले वर, तर अल्बियन तीन पावले खाली. सारे आयुष्य नाणी उडवत बसलात तरी ७६ पैकी ६८ छापे पडणार नाहीत. येथे योगायोगाने उत्तर देता येत नाही. कारण शोधलेच पाहिजे.

एक मोठे कारण पैसा. १९०१ पासून १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा होती. १९३० च्या दशकात ती आठवड्याला ८ पौंड होती. श्रीमंत क्लबलाही जास्त पगाराचे आमिष उघडपणे दाखवता येत नसे. ती मर्यादा उठल्यावर, आणि पुढे दूरचित्रवाणीचा पैसा आल्यावर, क्लबांमधील अंतर वाढत गेले. सिटीला २००८ मध्ये अबू धाबीच्या धनाढ्य मालकांनी विकत घेतले. उत्तम खेळाडू आणि उत्तम प्रशिक्षक एका ठिकाणी जमले. संघ असमान झाले, तेव्हा गुणतक्त्यात योगायोगाचा वाटा आक्रसला.

तुमच्या प्रगतिपुस्तकात

हा हिशेब फुटबॉलपुरता नाही. समजा, सहामाहीत वर्गात पहिली आलेली मुलगी वार्षिक परीक्षेत सहावी आली, आणि पहिल्या दहा जणांत मिळून सात-आठच गुणांचे अंतर आहे. तर ती 'घसरली' असे लगेच म्हणावे का? आधी तक्ता पाहा. अंतर एका पावलाच्या आत असेल, तर एखादा प्रश्न आवडत्या धड्यावर आला की नाही, एवढ्यावरही क्रमांक बदलतो. मात्र चार-पाच परीक्षांत एकच दिशा दिसली, तर कारण शोधायलाच हवे.

शिक्षकांनाही हे उपयोगी पडेल. एखादा विद्यार्थी नेहमीपेक्षा फार कमी गुण मिळवतो, आपण रागावतो, पुढच्या वेळी त्याचे गुण वाढतात. आपल्याला वाटते, रागावण्याचा गुण आला. दुसरा विद्यार्थी फार चांगले गुण मिळवतो, आपण शाबासकी देतो, पुढच्या वेळी ते थोडे उतरतात. वाटते, कौतुकाने बिघडला. पुष्कळदा दोघेही केवळ आपापल्या सरासरीकडे परतत असतात!

तेव्हा पुढच्या वेळी एखादा क्रमांक दिसला की तीन प्रश्न विचारा. तो कोणत्या नियमाने काढला? पसारा किती पावलांचा आहे? आणि असे किती वेळा घडले? बावीस मित्र आणि दोन-दोन नाणी जमवून नाण्यांचा प्रयोग अवश्य करा. तुमच्या वर्गातला 'मँचेस्टर सिटी' कितवा येतो, पाहा बरे!