मावशीबरोबर माळव्याच्या हाटात

नाताळच्या सुट्टीत कुठे जायचे, हा प्रश्न आमच्या घरी दरवर्षी निघतो आणि दरवर्षी गोव्यावर येऊन थांबतो. गेल्या खेपेला मात्र देवासहून मावशीचा फोन आला. "संक्रांतीनंतर मी पुण्याला मुलाकडे कायमची जाणार. घर बंद होईल. त्याआधी एकदा येऊन जा. थंडीतला हाट तुझ्या लेकीनं कुठं बघितलाय?"

मावशी ऐंशीला टेकलेली. १९६६ साली लग्न होऊन बेळगाव तालुक्यातून थेट देवासला गेली. आम्हा भाचरांना देवास म्हणजे मावशीने आणलेले शेव-जिरावणाचे पुडे, एवढेच माहीत. तेव्हा गोवा रद्द झाला. पुण्याहून इंदूर, इंदूरहून बसने देवास. स्टँडवर उतरलो तेव्हा थंडीने दात वाजत होते आणि मावशी शाल गुंडाळून, हातात दोन रिकाम्या पिशव्या घेऊन उभी होती. "आज हाट आहे. आधी बाजार, मग चहा," ती म्हणाली.

दोन राजांचे गाव

देवासला जाणाऱ्या आपल्या वाचकांना ते गाव परके वाटणार नाही. बाजीरावाबरोबर माळव्यात आलेल्या तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार बंधूंनी इथे आपापल्या गाद्या उभ्या केल्या. थोरल्या भावाची 'बडी पांती', धाकट्याची 'छोटी पांती'. एकाच गावात दोन राजे, दोन वाडे, दोन कारभार, आणि हद्द गावातूनच गेलेली. वर टेकडीवर देवीही दोन, तुळजाभवानी आणि चामुंडा. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३ च्या हिवाळ्यात इथे प्रथम आला. पुढे १९२१ साली तो थोरल्या पातीच्या महाराजांचा सचिव म्हणून राहिला आणि त्या आठवणींचे 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक १९५३ साली त्याने प्रसिद्ध केले.

१९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत मध्य प्रदेशात गेला. ती तारीख आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. मावशीला मी हे सांगितले, तर ती म्हणाली, "हद्द कुठूनही जाऊ दे. बाजाराच्या दिवशी सगळे एकाच ठिकाणी येतात की."

आपल्या भागाचे देवासशी आणखी एक नाते आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, म्हणजे पंडित कुमार गंधर्व, क्षयाने आजारी असताना १९४८ च्या जानेवारीत इथे आले. कोरडी हवा मानवेल, असा डॉक्टरांचा सल्ला होता. काही वर्षे गाणे पूर्ण बंद. त्या काळात अंथरुणावर पडल्या पडल्या माळवी बायांची गाणी त्यांच्या कानावर पडत राहिली. पुढे त्यांनी ती गोळा केली, त्यांचे स्वरलेखन केले, त्यांतून नवे राग बांधले. १९९२ च्या जानेवारीत ते गेले, तेही देवासलाच. टेकडीच्या पायथ्याचे त्यांचे 'भानुकुल' हे घर मावशीने आम्हाला दाखवले. "आपल्याकडचा माणूस इथं बरा झाला," हे तिचे वाक्य मला तिच्याबद्दलचेही वाटले.

टोपलीत काय काय

माळव्याची माती आपल्या सौंदत्ती-बैलहोंगलसारखी काळी, रब्बीची. त्यामुळे डिसेंबरच्या हाटात सगळीकडे हिरवेच हिरवे. मटारचे ढीग, मेथी, पालक, पातीचा लसूण, मुळ्याच्या शेंगा म्हणजे मोगरी. घाट्यांनी भरलेले हरभऱ्याचे डहाळे जुड्या बांधून ठेवलेले. त्यांना तिथे 'छोड' म्हणतात आणि शेकोटीत भाजले की 'होला'. आपला हुळाच की! माझी लेक म्हणाली, "आई, आपल्याकडं कडली भाजतात तसंच." हाटाच्या कडेला एकाने पाचट पेटवून भाजलेले घाटे विकायला ठेवलेच होते. बोटे काळी करून आम्ही ते उभ्याउभ्याच खाल्ले.

पण थंडीतले माळव्याचे खरे मानकरी म्हणजे गराडू. आपल्या कोनफळाच्या जातीचा हा कंद, बाहेरून मातकट आणि वेडावाकडा. सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून आधी हाताला तेल लावायचे. मग फोडी करून वाफवायच्या, तेलात खरपूस तळायच्या आणि वरून लिंबू पिळून जिरावण भुरभुरायचे. जिरावण म्हणजे जिरे, धने, आमचूर, काळे मीठ, हिंग वगैरेंचा मसाला. पोह्यांवर तर तो हवाच. आपली रताळी, म्हणजे गेणसु, उकडून गुळाबरोबर खाण्याची सवय असलेल्यांना गराडूचा तिखट-आंबट थाट नवा वाटेल, पण आवडेल.

वजनाची भाषाही ऐकण्यासारखी. किलोचे काटे आले तरी पाच किलोंना अजून 'धडी' म्हणतात. मावशी बटाटे धडीने घेते आणि लिंबे मात्र मोजून. मोजताना तिचे ओठ हलत होते. लेक जवळ गेली आणि ओरडलीच, "आई, आजी कन्नडमधून मोजतेय! वंद, एरड, मूर, नाक, ऐद..." मावशी ओशाळली. घरी मराठी, दारी माळवी आणि हिंदी, अशी जवळजवळ साठ वर्षे गेली. कन्नड बोलायला माणूसच नव्हते. पण बाजारात पहिल्यांदा मोजायला ती आपल्या आईबरोबर संतेला शिकली होती, आणि ते मोजणे तसेच राहिले. त्यानंतर लेकीने तिच्याशी सबंध हाटभर कन्नडच सुरू केले. उत्तरे तुटक येत होती, पण येत होती.

पाण्याची गोष्ट

एवढा हिरवा बाजार पाहून खरे वाटत नाही, पण याच देवासला १९९० साली पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागले होते. मावशीला ते दिवस लख्ख आठवतात. विहिरी आटल्या, कूपनलिका खोल खोल गेल्या आणि रब्बीचे पीक बेभरवशाचे झाले. २००६ पासून तेव्हाचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीचा काही भाग सोडून त्यात शेततळी खोदली. त्यांना 'रेवासागर' असे नाव पडले. टोंकखुर्द आणि आसपासच्या भागात, आणि पुढे जिल्हाभर, अशी हजारो तळी झाली. पावसाचे पाणी थंडीपर्यंत टिकले की गहू, हरभरा, बटाटा, लसूण उभे राहतात. आपल्याकडे अथणी-चिक्कोडीच्या कोरडवाहू गावांना यात बघण्यासारखे बरेच आहे.

पीक आले तरी दर येतोच असे नाही. २०२२ साली लसणाचे भाव इतके पडले की माळव्यातल्या शेतकऱ्यांनी तो नदीत ओतला. हाटात लसूण घेताना ही गोष्ट मनात असावी. मोठ्या मंडीत शेतकऱ्याला गिऱ्हाईकाचे तोंड दिसत नाही. हाटात ते दिसते.

धारची चौकाशी

दोन दिवसांनी धारला मावशीच्या नणंदेकडे गेलो. धार म्हणजे राजा भोजाची नगरी आणि पुढे पवारांची राजधानी. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ च्या जानेवारीत इथल्याच किल्ल्यात झाला. शहरापलीकडे पश्चिमेला आणि दक्षिणेला निघाले की भिल्ल-भिलाल्यांचा मुलूख लागतो. तिथले हाट वेगळे. एका गावचा हाट आज, शेजारच्या गावचा उद्या. व्यापारी आठवडाभर फिरत असतात आणि डोंगरातली माणसे आपापला वार धरून उतरतात. मीठ, गूळ, दोरखंड, मडकी, बांगड्या, चप्पल सगळे एकाच माळावर. होळीच्या आधीचे हाट म्हणजे प्रसिद्ध भगोरिया, पण थंडीतला साधा हाटही बघावा.

मांडूच्या वाटेवर बायका गोरखचिंचेची फळे घेऊन बसतात. मांडूची ही झाडे मूळची आफ्रिकेतली. फळाच्या टणक कवचात आंबट पांढरा गर. लेकीने ओळखले, "सावनूरच्या मठात पाहिली होती, ती हीच!" हावेरी जिल्ह्यातल्या सावनूरच्या दोड्डहुणसेमर मठातली तीन अजस्र झाडे याच जातीची. 'दोड्ड हुणसे' म्हणजे मोठी चिंच. तिथल्या लोकांनीही हिला चिंचच म्हटले.

याच भागातल्या एका हाटात माझी चूक झाली. एक पोरगेली बाई तुरीच्या ओल्या शेंगांचा लहानसा वाटा मांडून बसली होती. पन्नास म्हणाली. मी सवयीने तीस म्हटले, उठल्यासारखे केले आणि चाळीसला घेतला. मनात म्हटले, जमले. अर्ध्या तासाने तीच बाई तेल-मिठाच्या दुकानासमोर दिसली. मुठीतले पैसे दोनदा मोजून तिने तेलाची मोठी बाटली परत ठेवली आणि लहान घेतली.

मावशीनेही ते पाहिले होते. ती एवढेच म्हणाली, "चांदी घेताना कर चौकाशी. भाजीला नको." कन्नडमध्ये घासाघिशीला 'चौकाशी' म्हणतात, हे ती विसरली नव्हती. मी वळले, पण तोवर ती बाई गर्दीत दिसेनाशी झाली. दहा रुपये माझ्याकडेच राहिले.

पुढच्या हाटाला

निघण्याआधी देवासच्या हाटात पुन्हा एकदा गेलो. मावशी ज्या म्हातारीकडून वर्षानुवर्षे भाजी घेते, तिच्यासमोर बसली. सुनेचे बाळंतपण, गुडघे, नातवाची नोकरी, सगळे विचारून झाले. भाव कोणीच विचारला नाही. म्हातारीने मेथी तोलली आणि वर न मागता दोन मुठी मटार टाकले. कन्नडमध्ये याला 'कोसरु' म्हणतात. आपण "वर थोडं घाल" म्हणून मागून घेतो ते.

"अगले हाट में गराडू अच्छे आएँगे, रख दूँगी," म्हातारी म्हणाली.

"हाँ, रख देना," मावशी म्हणाली.

रस्त्यात मी विचारले, "तिला सांगितलं का नाहीस, तू जाणार म्हणून?" मावशी काही बोलली नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "मटार आजच सोलून टाकू. ताजे आहेत."

आता ती पुण्याला असते. भाजी फोनवरून मागवली की दारात येते, चांगली निवडलेली आणि बरोबर वजनाची. कोसरु तेवढा नसतो, असे ती फोनवर म्हणते, आणि हल्ली निम्मे बोलणे माझ्या लेकीशी कन्नडमध्ये असते. मी इथे आठवड्याच्या बाजारात जाते. पालेभाजीवाली भाव सांगते, तेवढे देते. वाचकांपैकी कोणी येत्या थंडीत देवासला गेले, तर टेकडीवर दोन्ही देव्यांचे दर्शन घ्या, 'भानुकुल' बाहेरून का होईना पाहा, आणि हाटात गराडू घ्या. कोणाकडचे तरी मावशीसाठी राखून ठेवलेले असतील.