‘तुम्ही मूळचे कुठले?’ : हल्याळ-खानापूरच्या रानातले सिद्दी

दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या बैठकीत मी सिद्दी समाजावर अर्धा तास बोललो होतो. सूत्र साधं होतं: पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम गोव्यात आणले, त्यांतले काही घाट चढून पळाले, आणि रानात राहिले ते आजचे सिद्दी. बोलणं संपल्यावर हल्याळकडून आलेले एक वयस्कर सिद्दी गृहस्थ मागच्या रांगेत उभे राहिले. म्हणाले, “सर, सगळेच गोव्यातून पळून आले म्हणता, मग आमच्यात मुसलमान कसे? पोर्तुगीजांनी मुसलमान केलं काय?”

सभागृहात हशा पिकला. मलाही हसू आलं, पण उत्तर आलं नाही. माझी सगळी नोकरी सर्व्हेचे नकाशे वाचण्यात गेली. इतिहास मी घरी बसून शिकलो. त्या प्रश्नामुळे पुन्हा वाचायला बसलो. हा लेख म्हणजे त्या गृहस्थांना उशिरा दिलेलं उत्तर आहे.

वस्ती कुठे आहे

कर्नाटकातल्या सिद्दींची मुख्य वस्ती कारवार जिल्ह्यात, म्हणजे आजच्या उत्तर कन्नडमध्ये: हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, शिरसी आणि अंकोला या तालुक्यांत. शेजारी बेळगाव जिल्ह्यात खानापूर आणि धारवाड जिल्ह्यात कलघटगी तालुक्यातही त्यांची गावं आहेत. नकाशावर हा एकच सलग रानपट्टा दिसतो.

समाज एक, धर्म तीन. यल्लापूर, शिरसी, अंकोल्याकडे बरेचसे हिंदू. हल्याळ-मुंडगोडकडे मुसलमान आणि ख्रिस्ती जास्त. नावं ऐकली की फरक लगेच कळतो. कुणी जुझे, कुणी बस्त्याव, कुणी इमाम, कुणी गणपती. आडनावाच्या जागी मात्र पुष्कळदा तिघांच्याही मागे ‘सिद्दी’ असतं.

एक वाट नव्हे, अनेक वाटा

माझं जुनं सूत्र पूर्ण खोटं नव्हतं, अपुरं होतं.

गोव्याची वाट खरीच आहे. 1583 ते 1588 या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्सखोटेन यानं तिथल्या मुख्य रस्त्यावर गुलामांची विक्री कशी होत असे ते लिहून ठेवलंय. मोझांबिककडून माणसं आणली जात, घरकामाला आणि ओझी वाहायला जुंपली जात. कोकणीत आफ्रिकी माणसाला ‘खाप्री’ म्हणतात, तो पोर्तुगीज ‘काफ्र’चाच अवतार. ख्रिस्ती सिद्दींची पोर्तुगीज वळणाची नावं याच वाटेनं आली.

आता कायद्याच्या तारखा शेजारी ठेवून पाहा. कंपनी सरकारनं 1843 च्या कायद्यानं आपल्या मुलखात गुलामगिरीला न्यायालयात मान्यता देणं बंद केलं. पोर्तुगीजांनी व्यापाराला 1836 मध्ये बंदी घातली, पण गुलामगिरी रद्द झाल्याचा हुकूम निघाला 1869 मध्ये. म्हणजे मधली सव्वीस वर्षं घाटाच्या खाली माणूस कुणाच्यातरी मालकीचा, आणि घाट चढून वर आला की कायद्यानं मोकळा. पळण्याची रीत त्याच्या कितीतरी आधीची असली, तरी या काळात घाटाचा अर्थच बदलला होता.

दुसरी वाट दख्खनच्या सुलतानांची. हबशी हा शब्द आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. निजामशाही चालवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला, आणि 1626 मध्ये वारला तेव्हा दख्खनचा मातब्बर वजीर होता. 1660 मध्ये पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर आदिलशाहीकडून आलेला. मुहम्मद आदिलशहाच्या दरबारात इखलास खान हा हबशी कर्ताकरविता होता. सरदार बखरीत राहिले, पण त्यांच्याबरोबर आलेले शिपाई, मोतद्दार, नोकर कुठे गेले? 1686 मध्ये विजापूर पडलं आणि ती चाकरी संपली. हल्याळ भागातल्या मुसलमान सिद्दींची एक मुळी इथे पोचते, असं पुष्कळ अभ्यासक मानतात.

हिंदू सिद्दींची वाट देशातच तयार झाली. हव्यक ब्राह्मणांच्या सुपारीच्या बागांत पिढ्यान्‌पिढ्या काम केलेली ही कुटुंबं मालकाच्या गावाचे देव आणि सण पाळू लागली.

तेव्हा त्या गृहस्थांना उत्तर असं: धर्म पाहून प्रत्येक घराचा प्रवास ठरवता येत नाही, पण तीन धर्म आहेत यावरूनच कळतं की येण्याची वाट एक नव्हती. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2011 मध्ये सिद्दींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मोठा वाटा आफ्रिकेतल्या बांटू भाषिकांशी जुळणारा निघाला, आणि त्यात भारतीय व थोडा युरोपीय अंशही मिसळलेला. ही मिसळण सुमारे दोनशे वर्षांपूर्वीपासूनची.

बोली, वाडवडील आणि वाकळ

घरात सिद्दी जी बोली बोलतात ती कोकणी-मराठीच्या कुळातली आहे, कन्नडचे शब्द पेरलेली. मला ती न थांबता समजते. आपण सीमाभागातले लोक माणूस भेटला की मराठी की कन्नड, हे आधी विचारतो. सिद्दी घरी ही बोली बोलतात, बाजारात कन्नड बोलतात, आणि आपल्या दोन्ही याद्यांत त्यांचं नाव नसतं.

तिन्ही धर्मांना बांधणारी गोष्ट म्हणजे ‘हिरियारु’. शब्द कन्नड, अर्थ वाडवडील. घरात नारळ मांडून पूर्वजांची पूजा होते. यल्लापूर तालुक्यातल्या सातुंबैल इथे ‘सिद्दी नास’ या समाजाच्या दैवतापुढे वेगवेगळ्या धर्मांचे सिद्दी एकत्र येतात. नाचाबरोबर वाजतो तो ‘दमाम’; नाव आपल्या नगारा-दमाम्यातल्या दमाम्यासारखंच. बायकांचा खेळ ‘पुगडी’, म्हणजे आपली फुगडी.

आणि ‘कवंद’. जुन्या लुगड्यांचे, सदऱ्यांचे तुकडे थरावर थर जोडून हातानं शिवलेली वाकळ. बाई कडेकडून सुरुवात करते आणि टाके घालत मध्याकडे येते. चार कोपऱ्यांवर तुकड्यांची घडी घालून ‘फुलं’ लावतात. ती नसतील तर कवंद उघडी मानतात. मधला शेवटचा तुकडा शिवण्याआधी काही घरी आत तांदळाचे चार दाणे ठेवतात, पोट रिकामं राहू नये म्हणून. आज या कवंदी परदेशातल्या प्रदर्शनांत लागतात. पण त्या शिवल्या गेल्या रानातल्या थंडीसाठी, आणि कापड विकत घेण्याची ऐपत नव्हती म्हणून, हे विसरू नये.

जिल्ह्याची रेघ

आता मुद्द्याचं. 2003 मध्ये सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, पण यादीत शब्द होते ‘उत्तर कन्नड जिल्ह्यातील’. खानापूरचे आणि कलघटगीचे सिद्दी बाहेर राहिले. बहीण हल्याळला दिली तर ती एका यादीत, भाऊ खानापुरात म्हणून तो दुसऱ्या. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांची नावं जोडायला 2020 उजाडलं. त्याच वर्षी शांताराम सिद्दी कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्त झाले, या समाजातले पहिले.

या सतरा वर्षांचा अर्थ 2006 च्या वनहक्क कायद्यात दिसतो. रानात राहणारा माणूस अनुसूचित जमातीचा असेल, तर 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा ताबा दाखवणं पुरतं. जमातीचा नसेल, तर त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, तिथे राहत असल्याचा पुरावा लागतो. एकच रान, एकच लोक. पण 2020 पर्यंत जिल्ह्याच्या रेघेच्या अलीकडे 1930 च्या आधीचा पुरावा हवा होता. जो माणूस दुसऱ्याच्या जमिनीत राबला, त्याच्याकडे 1930 चा कागद कुठून येणार? 1974 च्या कुळकायद्याच्या वेळीही ज्यांच्या नावावर कुळाची नोंद नव्हती, त्यांचे हात रिकामेच राहिले.

कागद आहेत, पण सिद्दींकडे नाहीत. ते आपल्याकडे आहेत: जुन्या जमीनदार घरांच्या माळ्यावर, रोजमेळात, खंडाच्या वहीत, मजुरीच्या हिशेबात, देवस्थानच्या दप्तरात. ‘सिद्दी अमुक, दोन दिवस’ अशी एखादी ओळ कुणाला फालतू वाटेल. वनहक्काच्या नियमांत सरकारी नोंदी, गॅझेटियर, नकाशे यांच्याबरोबर गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदनही पुरावा म्हणून धरलंय. अशा निवेदनाला तारखेची एक जुनी ओळ जोडता आली तर त्याचं वजन वाढतं.

म्हणून वाचकांना विनंती. खानापूर, हल्याळ, अळणावर, यल्लापूर भागातल्या जुन्या वह्या ज्यांच्या घरी असतील, त्यांनी रद्दीत देण्याआधी एकदा चाळाव्यात. सिद्दी, हबशी असे शब्द दिसले की पानाचा फोटो काढून, वर्ष आणि गाव लिहून मंडळाकडे पाठवावा. मोडी असेल तरी चालेल, वाचायला आम्ही बसू.

बेळगावच्या स्टँडवर सिद्दी पोरांना अजून विचारतात, “तुम्ही मूळचे कुठले?” माझे आजोबा इथे 1931 मध्ये नोकरीसाठी आले. मला हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही.