रबराच्या पोटातली घमेल्यांची रांग

खामगावच्या अडत दुकानात नोटांच्या पुडक्याला चढवलेला रबरबँड आठवा. ताणला की लांबतो, सोडला की जागेवर. त्यातून वीज जात नाही, म्हणूनच वायरमन रबरी हातमोजे घालतो. पण याच रबरातून वीज खेळवली, तर ते ताण मोजायला लागतं.

आयर्लंडमधलं ट्रिनिटी कॉलेज आणि इंग्लंडमधलं सरे विद्यापीठ इथल्या संशोधकांनी २०१४ साली ते करून दाखवलं. बाजारातले साधे रबरबँड त्यांनी टोल्युइनमध्ये फुगवले आणि ग्राफीनचे, म्हणजे कार्बनचे, अतिसूक्ष्म पापुद्रे कालवलेल्या द्रवात मुरत ठेवले. पापुद्रे आत शिरले आणि वाळल्यावर तिथेच बसले. सेन्सर तयार!

यामागचं गणित स्लॅब पडताना दिसतं. खालून वरपर्यंत माणसांची रांग लागते आणि घमेलं हातोहात जातं. माणसं थोडी असतील तर रांगच लागत नाही. जेमतेम पुरेशी असतील तर लागते; पण प्रत्येकजण पाऊलभर सरकला, की घमेलं फेकून झेलावं लागतं आणि काम रेंगाळतं. रबरातले कार्बनचे कण म्हणजे ही माणसं, इलेक्ट्रॉन म्हणजे घमेलं. रबर ताणलं की कणांमधलं अंतर वाढतं, विजेला होणारा विरोध वाढतो. तो मोजला की ताण कळतो. म्हणून कार्बन बेतानेच घालतात. जास्त झाला तर रबर ताठर होतं आणि रांग इतकी दाट, की थोड्या ताणाचा पत्ताच लागत नाही.

पुलांवर ताण मोजायला चिकटवायच्या धातूच्या पट्टीची संवेदनक्षमता, म्हणजे ताणाच्या किती पट विरोध बदलतो तो आकडा, साधारण २ असते आणि ती जेमतेम काही टक्केच ताणता येते. या रबरबँडची संवेदनक्षमता ३५ पर्यंत गेली, ताण ८०० टक्क्यांपर्यंत. बोटांची हालचाल, श्वास, नाडीचा ठोका, सगळं त्यावर उमटलं. उद्या शेगावहून पंढरपूरला पायी निघालेल्या वारकऱ्याच्या गुडघ्यावर अशी पट्टी बांधली, तर पाऊल कुठे जड पडू लागलं ते कळेल.

पण रबराला सवयी असतात. ताणून सोडलं तरी ते लगेच पूर्ववत होत नाही, त्यामुळे जाताना आणि परतताना एकाच ताणाचे आकडे वेगळे येतात. ऊन, उष्णता आणि हवेतले ऑक्सिजन-ओझोन त्याला खराब करतात. अडत्याच्या गल्ल्यातला रबरबँड मे महिन्यात चिकट होऊन नोटेला डकतो, तो उष्णतेमुळेच. प्रयोगशाळेत पास झालेल्या पट्टीला बुलढाण्याचा एक उन्हाळा काढावा लागेल. खरी परीक्षा ती.