आम्ही की आपण? मार्स्टलच्या बुडालेल्यांची गोष्ट

आज एका कादंबरीबद्दल बोलायचंय. जवळपास सातशे पानांची आहे, पण घाबरू नका, सुरुवातच भन्नाट आहे. एक खलाशी स्वर्गात जातो, तिथे सेंट पीटरचा उघडा पार्श्वभाग बघतो आणि परत खाली येतो. का? तर पायातले बूट जड होते म्हणून!

कादंबरीचं इंग्रजी नाव 'वी, द ड्राउन्ड', म्हणजे 'आम्ही, बुडालेले'. लेखक कार्स्टन येन्सन. मूळ डॅनिश पुस्तक २००६ सालचं. आणि गाव? मार्स्टल. डेन्मार्कच्या एरो बेटावरचं छोटं बंदर. येन्सन स्वतः तिथलेच.

हे गाव खरंखुरं आहे बरं का. १८२५ पासून तिथल्या लोकांनी स्वतःच्या हातांनी मोठमोठे दगड रचून समुद्रात जवळपास एक किलोमीटरचा बांध घातला. एकट्याला जे जमणार नाही ते सगळ्यांनी मिळून करायचं, हा गावाचा अभिमान. तो बांध कादंबरीत सतत डोकावतो.

आता ते बूटवाले लाउरिड्स मॅडसन. ५ एप्रिल १८४९ ला एकेर्नफर्डच्या लढाईत 'क्रिस्टियान आठवा' ही डॅनिश युद्धनौका खरोखरच स्फोटात उडाली. कादंबरीत लाउरिड्स तिच्यावर असतात. वाचतात, पण नंतर पुन्हा समुद्रावर जातात आणि बेपत्ता होतात. त्यांचा मुलगा आल्बर्ट मोठा होऊन त्यांना शोधत थेट सामोआ गाठतो. तिथून गोष्ट दुसऱ्या महायुद्धापर्यंत, १९४५ पर्यंत जाते.

आता मुद्द्याचं सांगते. हे सगळं कोण सांगतंय? 'आम्ही'. एक माणूस नाही, अख्खं गाव. पिढ्या बदलतात, पण निवेदक तोच. मी इंग्रजीत वाचत होते आणि सवयीने मनात मराठी करत होते. तिथेच अडकले. इंग्रजीत 'वी' एकच, डॅनिशमध्येही एकच शब्द. आपल्याकडे मात्र दोन! 'आम्ही जेवलो' म्हटलं की समोरचा उपाशी. 'आपण जेवलो' म्हटलं की तोही पंगतीत. मग मार्स्टलचं 'वी' यातलं कुठलं?

सुरुवातीला तरी ते पक्कं 'आम्ही' वाटतं. शाळेत मास्तरांचा मार खाणारी पोरं, मग डेकवरचे खलाशी. बायका? त्या किनाऱ्यावर, वाट बघत.

आणि मग येते क्लारा फ्रीस. नवरा समुद्राने नेलेला, मुलगा क्नुद एरिक लहान. पुढे तिच्या हाती पैसा येतो, गावातली जहाजं येतात. आणि ती काय ठरवते? गावाचा दर्यावर्दी धंदाच बंद पाडायचा. जहाजच नसेल तर कुणाचा पोरगा बुडणार कसा? म्हणजे बघा, ज्यावर गाव जगतं तेच ती मोडायला निघते, आणि तेही मायेपोटी.

गावाच्या दृष्टीने हा घात. पण तिला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पहिल्या महायुद्धात डेन्मार्क तटस्थ होता, तरी डॅनिश जहाजं बुडवली गेली, माणसं गेली. ज्या 'आम्ही'त तिला कधी धरलंच नाही, त्याचा अभिमान तिने का राखावा?

तिचा डाव फसतो तो घरातच. क्नुद एरिक समुद्रावर जातोच.

शेवट सांगणार नाही. एवढंच सांगते की शेवटच्या पानांवर मला मनातल्या भाषांतरात शब्द बदलावा लागला. 'आम्ही' पुसून 'आपण' लिहिलं. त्यात बायका होत्या, परके होते आणि बुडालेलेही.

वाचलीत तर तुम्ही तो शब्द कुठल्या पानावर बदललात, ते मला नक्की कळवा. चला, भेटू पुढच्या भागात!